ध्वनीचा रकाना

सावळी रिठी.
रिठी म्हणजे उठून गेलेलं गाव,
सातबाऱ्यावर आहे, चुलीच्या धुरात नाही.
गिट्टीखदानीच्या रस्त्याने आत गेलं
की पळसांमध्ये दगडांची चौदा वर्तुळं.
एकातून बैलगाडीची चाकोरी गेलेली,
एकात कुणी मोहफुलं वाळत घातलेली.

माझं काम सोपं होतं :
टॅबलेट छातीशी धरायचा,
कॅमेऱ्याला दगड ओळखायला शिकवायचे,
मग सात नंबरच्या वर्तुळातून
घोडा उठायचा.
तोंडावर तांब्याचा पत्रा, गळ्यात घंटी.
खरी घंटी नागपुरात, काचेमागे,
चुन्याच्या डबीएवढी, हिरवी पडलेली,
शेजारी पुठ्ठ्यावर तीन ओळी
आणि त्या वाचणाऱ्या शाळेच्या सहलीचं
कुणाचं तरी हरवलेलं टिफिनचं झाकण.

इथे तो उन्हात उभा राहायचा.
फक्त सावली चुकायची,
दुपारचे चार वाजले तरी
त्याच्या पायाखाली बाराच.
एक बकरी त्याच्या पोटातून आरपार गेली,
रवंथ न थांबवता.

बकरी चिरकुटा मेश्रामची.
खात्याच्या निळ्या बोर्डाला
ज्यावर दंडाची रक्कम तेवढी वाचता येते
तो बाकीच्या दोघी बांधून आला.
पडद्यात पाहिलं.
पडद्याच्या वरून पाहिलं.
पुन्हा पडद्यात.
"वाजत नाई का थे घंटी?"

मी सांगितलं, काका, आवाज नाही आमच्याकडे.
आतला खडा गंजून चिकटला आहे,
आणि अंदाजाने काही टाकायचं नाही
असं मोठ्या सरांचं म्हणणं.

तो उकिडवा बसला.
"म्या टोपल्या वाहल्या इथं.
तेरा वर्साचा असन.
दोन रुपये रोज, पोट्ट्याले दीड.
माती चाळत होतो, हाती लागली.
सायेब सावलीत पानी पेत होते.
हालवली."

मग बराच वेळ काही बोलला नाही.
खदानीत सुरुंग उडाला,
टिटवी ओरडत गेली,
टॅबलेटची बॅटरी एकोणीस टक्के.

"वाजली जी.
एकडावच.
मंग आतली माती दबली का काय,
सायबाच्या हातात गेली थे मुकीच.
कोनाले सांगतलं नाई म्या.
रोज कापला असता."

मी विचारलं, कशी?
टण्ण? छुन्न? मंदिरातल्यासारखी?
प्रत्येकाला तो मान हलवत राहिला,
अंगाला न येणारा सदरा
दुकानात परत करावा तसा.
उठला. कुंपणाच्या तुराट्यांत
बोटं घालून शोधत गेला,
कापणीत चुकलेली एक शेंग काढली,
कानाशी धरून पाहिली,
दुसरी काढली.
ती माझ्या कानाशी आणून
एकदाच हलवली.

तांबं नव्हतंच त्यात काही.
होतं ते फार जवळचं होतं,
कुणीतरी येतंय, अजून दिसत नाही,
इतकंच सांगणारं.

मी माईक लावला. त्याने सात वेळा हलवली.
पाचवी ठेवली.
संध्याकाळी घोड्याने मान झटकली
आणि वाळल्या शेंगेचा आवाज आला,
आणि चिरकुटा मेश्राम
एक पाऊल मागे सरकला,
वाट द्यायला सरकतात तसा.

रात्री तालुक्याच्या लॉजवर
फॉर्म भरत बसले होते.
ध्वनी : आहे.
स्रोत : यादीतून निवडा.
संग्रहालय. अभिलेख. तज्ज्ञ. काल्पनिक.
नाव लिहायला जागाच नव्हती,
टोपलीला तर नाहीच.
पंखा कुरकुरत होता.
मी 'तज्ज्ञ'वर बोट ठेवलं
आणि सर विचारतील तेव्हा काय सांगायचं
ते ठरवत राहिले. अजून ठरलेलं नाही.

शेंग मला हवी होती, जपून ठेवायला.
निघताना मागितलीही.
तो हसला, "तिचं काय करता बाप्पा,"
आणि बकरीपुढे धरली.